बुरशीच्या पेशीभित्तिकेतील शर्करा आणि रोगप्रतिकारक पेशींवरील ग्राही : एक विवेचन

प्रास्ताविक

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यात वसलेला परभणी जिल्हा काळ्या कसदार जमिनीसाठी ओळखला जातो. कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही येथील प्रमुख पिके. १९७२ मध्ये परभणी येथे कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. तेव्हापासून पिकांवरील रोगांचा अभ्यास हा या परिसराच्या शैक्षणिक जीवनाचा एक भाग बनला आहे. त्यामुळे बुरशी हा शब्द येथील माणसाला नवा नाही. तुरीचे उभे पीक वाळविणारा मर रोग बुरशीमुळे होतो. काढणीच्या वेळी पावसात सापडलेली ज्वारी काळी पडते, तीही बुरशीमुळेच.

बुरशी माणसालाही ग्रासू शकते, याची तीव्र जाणीव मात्र समाजाला २०२१ च्या उन्हाळ्यात झाली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळू लागले. देशात गुजरात व महाराष्ट्र या राज्यांना त्याची सर्वाधिक झळ पोचली. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने साथरोग कायदा, १८९७ अन्वये हा आजार नोंदणीयोग्य म्हणून जाहीर करण्याची सूचना राज्यांना केली. कित्येकांना डोळा किंवा वरचा जबडा गमवावा लागला, तर अनेकांना प्राणास मुकावे लागले.

या घटनेने एक मूलभूत प्रश्न उपस्थित केला. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. आपण दररोज शेकडो बीजाणू श्वासावाटे आत घेतो. तरीही बहुसंख्य माणसे निरोगी राहतात. याचा अर्थ असा की, आपले शरीर या आगंतुकांना दररोज ओळखते आणि दररोज नष्ट करते. ही ओळख नेमकी कशावरून पटते? आणि ती केव्हा फसते? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे. लेख सर्व विद्याशाखांतील प्राध्यापकांसाठी असल्याने पारिभाषिक संज्ञा शक्य तेथे स्पष्ट करून दिल्या आहेत.

लेखाची उद्दिष्टे

१. बुरशीच्या पेशीभित्तिकेतील शर्करांचे स्वरूप समजून घेणे.
२. या शर्करा ओळखणाऱ्या ग्राहींचा शोध व त्यांचे कार्य यांचा परिचय करून देणे.
३. बुरशी ही ओळख कशी टाळते, याचे विवेचन करणे.
४. म्युकरमायकोसिस व शेतकऱ्यांमधील डोळ्यांचा बुरशीजन्य संसर्ग यांच्या संदर्भात या ज्ञानाचे महत्त्व स्पष्ट करणे.

शर्करेची जोडणी हीच तिची ओळख

शर्करा म्हटले की सामान्यतः चहातील साखर डोळ्यांसमोर येते. जीवशास्त्रात मात्र या शब्दाचा अर्थ अधिक व्यापक आहे. ग्लुकोजसारखे शेकडो वा हजारो लहान रेणू एकमेकांना जोडले गेले की बहुशर्करा तयार होते. या जोडणीचा प्रकार बदलला की पदार्थाचा गुणधर्मही बदलतो.

याचे उत्तम उदाहरण आपल्या शेतातच आहे. ज्वारीच्या दाण्यातील पिष्ट आणि कापसाच्या बोंडातील तंतू हे दोन्ही केवळ ग्लुकोजचे बनलेले असतात. ग्लुकोजच्या रेणूतील कार्बन अणूंना १ ते ६ असे क्रमांक दिलेले आहेत. पिष्टात एका ग्लुकोजचा पहिला कार्बन पुढच्या ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनला ‘अल्फा’ पद्धतीने जोडलेला असतो. कापसाच्या सेल्युलोजमध्ये हीच जोडणी ‘बीटा’ पद्धतीची असते. एवढ्याशा फरकामुळे भाकरी आपण पचवितो, कापूस पचवू शकत नाही. आपल्याकडील पाचक विकरांना अल्फा जोडणी तोडता येते, सेल्युलोजमधील बीटा जोडणी तोडता येत नाही.

बुरशीने तिसरी जोडणी निवडली आहे. तिच्या पेशीभित्तिकेत ग्लुकोजचा पहिला कार्बन पुढच्याच्या तिसऱ्या कार्बनला बीटा पद्धतीने जोडलेला असतो. या बहुशर्करेला बीटा-१,३-ग्लुकान म्हणतात. सेल्युलोजची साखळी सरळ फितीसारखी असते, तर या ग्लुकानची साखळी मळसूत्राप्रमाणे वळलेली असते. तिला मधूनमधून बीटा-१,६ प्रकारच्या फांद्याही असतात.

बुरशीच्या भित्तिकेची रचना स्थूलमानाने थरांची असते. कँडिडा अल्बिकन्स या बुरशीचे उदाहरण घेतल्यास, सर्वांत आत कायटिन, त्यावर बीटा-ग्लुकान आणि सर्वांत बाहेर मॅनोज या शर्करेच्या लांब साखळ्या वाहणारी प्रथिने असा क्रम दिसतो. कायटिन म्हणजे कीटकांचे कवच आणि खेकड्याची पाठ ज्यापासून बनते तो पदार्थ. मानवी पेशींना भित्तिका नसते. आपल्या शरीरात बीटा-१,३-ग्लुकान तयार होत नाही आणि कायटिनही तयार होत नाही. म्हणूनच या दोन शर्करा ‘परका आला’ याची निःसंदिग्ध खूण ठरतात.

मॅनोजची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते आपल्या स्वतःच्या प्रथिनांवरही आढळते. तेथे केवळ शर्करा पाहून भागत नाही, तर तिची दाटी आणि मांडणी पाहावी लागते.

ग्राहींच्या शोधाचा इतिहास

रोगप्रतिकारशास्त्राच्या प्रारंभीच बुरशी उभी आहे, ही बाब फारशी सांगितली जात नाही. रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी १८८४ मध्ये डॅफ्निया या पारदर्शक जलचराचा अभ्यास प्रसिद्ध केला. या जीवाच्या शरीरात शिरलेल्या यीस्टसदृश बुरशीच्या बीजाणूंना त्याच्या भक्षक पेशी घेरतात व गिळतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. भक्षक पेशींच्या या कार्यासाठी त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. परंतु पेशी कोणाला गिळायचे हे ठरविते कसे, हा प्रश्न पुढे शतकभर अनुत्तरित राहिला.

१९८९ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स जेनवे यांनी एक तर्क मांडला. सूक्ष्मजीवांमध्ये असणारे, परंतु आपल्या शरीरात नसणारे काही ठरावीक रासायनिक नमुने ओळखणारे ग्राही आपल्या पेशींवर जन्मतःच असले पाहिजेत, असा तो तर्क होता. १९९६ मध्ये फ्रान्समधील ज्यूल्स हॉफमन व ब्रुनो लमेत्र यांच्या गटाने फळमाशीमध्ये त्याला बळ देणारा पुरावा दिला. ‘टोल’ नावाचे जनुक निकामी असलेल्या माश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात, असे त्यांना आढळले. हॉफमन यांना २०११ चे नोबेल पारितोषिक ब्रूस बॉयटलर व राल्फ स्टाइनमन यांच्यासह मिळाले.

बुरशीच्या ग्लुकानचा प्रत्यक्ष ग्राही २००१ मध्ये निश्चित झाला. गॉर्डन ब्राऊन व सायमन गॉर्डन यांनी डेक्टिन-१ हे प्रथिन बीटा-ग्लुकानला बांधले जाते, असे दाखविले. पुढे मॅनोजच्या साखळ्या ओळखणारा डेक्टिन-२, तसेच मिंकलसारख्या अन्य ग्राहींची माहिती पुढे आली. शर्करेला बांधल्या जाणाऱ्या प्रथिनांना लेक्टिन म्हणतात आणि हे सर्व ग्राही लेक्टिनच्या एका मोठ्या कुळातील आहेत.

डेक्टिन-१ कसे कार्य करते?

डेक्टिन-१ हे प्रथिन महाभक्षी पेशी, न्यूट्रोफिल व डेंड्रिटिक पेशी यांच्या आवरणात रोवलेले असते. त्याचे एक टोक बाहेर, तर दुसरे पेशीच्या आत असते. बाहेरच्या टोकावरील उथळ खाचेत ग्लुकानची साखळी बसते. त्यासाठी साखळी पुरेशी लांब, म्हणजे सुमारे दहा ग्लुकोज रेणूंची तरी असावी लागते. एखाद-दुसऱ्या रेणूच्या साम्यावरून पेशी निर्णय घेत नाही.

येथे एक महत्त्वाचा बारकावा आहे. ग्लुकान द्रवात विरघळलेल्या स्वरूपात आले, तर ते डेक्टिन-१ ला बांधले जाते. पण पेशी फारशी जागी होत नाही. तेच ग्लुकान कणाच्या पृष्ठभागावर असेल, तरच पेशी आक्रमक होते. याचे कारण २०११ मध्ये स्पष्ट झाले. पेशीच्या पृष्ठभागावर संदेश दाबून ठेवणारी काही प्रथिने असतात. पेशी बुरशीच्या भित्तिकेला घट्ट चिकटते तेव्हा अनेक डेक्टिन-१ रेणू एका जागी गोळा होतात आणि ही दाबणारी प्रथिने त्या जागेतून बाहेर ढकलली जातात. मगच संदेश पुढे जातो. परकी शर्करा जवळून वाहत गेली एवढ्यावर लढाई सुरू होत नाही. प्रत्यक्ष बुरशी अंगाला भिडली आहे, याची खात्री पेशी करून घेते.

संदेश आत पोचल्यावर ‘सिक’ नावाचे विकर कार्यान्वित होते. ते ‘कार्ड-९’ या प्रथिनामार्फत पेशीच्या केंद्रकापर्यंत निरोप पोचविते. परिणामी तीन गोष्टी घडतात. पेशी बुरशीला गिळते. तिला मारण्यासाठी ऑक्सिजनची तीव्र क्रियाशील रूपे तयार करते. तसेच इंटरल्यूकिन गटातील संदेशवाहक प्रथिने बाहेर सोडून न्यूट्रोफिलना बोलाविते आणि टी-पेशींना प्रशिक्षण देते.

ही साखळी माणसात किती महत्त्वाची आहे, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन कुटुंबांच्या अभ्यासातून दिसले. नेदरलँड्समधील एका कुटुंबात डेक्टिन-१ च्या जनुकात दोष होता. त्यांना नखांचे व श्लेष्मल त्वचेचे बुरशीजन्य संसर्ग वारंवार होत, परंतु जीवघेणा आजार झाला नाही. इराणमधील एका कुटुंबात कार्ड-९ मध्ये दोष होता. त्यांच्यात कँडिडाचा संसर्ग मेंदूपर्यंत पोचला व मृत्यूही झाले. याचा अर्थ स्पष्ट आहे. एक ग्राही निकामी झाला तर इतर ग्राही काही अंशी त्याची जागा भरून काढतात. परंतु अनेक ग्राहींचे निरोप ज्या मार्गाने जातात तो मार्गच तुटला, तर संरक्षण कोसळते.

बुरशीचे लपणे

ओळख शर्करेवरून पटते हे खरे, म्हणूनच ती शर्करा झाकणे हा बुरशीचा बचाव ठरतो. कँडिडाचे ग्लुकान बाहेरील मॅनोजच्या थराखाली दडलेले असते. मूळ पेशीपासून मुकुल सुटा होताना जो व्रण राहतो, तेथे ते उघडे पडते. ही बुरशी तंतूच्या रूपात वाढू लागली की असे व्रण राहत नाहीत आणि ग्लुकान झाकलेले राहते. ॲस्परजिलसच्या हवेतील बीजाणूंवर पाणी न धरणाऱ्या प्रथिनाचा पातळ थर असतो. तो असेपर्यंत बीजाणू प्रतिकारयंत्रणेच्या दृष्टीने जवळजवळ अदृश्य असतो, असे २००९ मध्ये दाखविले गेले. बीजाणू फुगून अंकुरू लागला की हा थर गळतो आणि ग्लुकान दिसू लागते. हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी आपल्या बीटा-ग्लुकानवर अल्फा-१,३-ग्लुकानचे पांघरूण घालते. आपल्या पेशींनीही प्रत्युत्तर शोधलेले आहे. बीजाणूंवरील मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्यालाच ओळखणारा ग्राही २०१८ मध्ये आढळला.

हीच झुंज पिकांमध्येही चालू असते. वनस्पतींना फिरत्या भक्षक पेशी नसतात, तरी त्यांच्या पेशींवर कायटिन ओळखणारे ग्राही असतात. भातात २००६ मध्ये व मोहरीच्या कुळातील ॲरॅबिडॉप्सिस या वनस्पतीत २००७ मध्ये त्यांची निश्चिती झाली. टोमॅटोच्या पानांवर वाढणारी एक बुरशी आपले कायटिन झाकणारी व त्याचे सुटे तुकडे गिळंकृत करणारी प्रथिने सोडते, असेही आढळले आहे. तुरीच्या मर रोगासाठी शेतकरी ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया करतात. ही उपयुक्त बुरशी कायटिन व ग्लुकान तोडणारी विकरे सोडून रोगकारक बुरशीच्या भित्तिकेवर घाला घालते.

म्युकरमायकोसिस : निराळ्या भित्तिकेची बुरशी

म्युकरमायकोसिसला ‘काळी बुरशी’ हे नाव रूढ झाले. वास्तविक काळा रंग बुरशीचा नसून रक्तपुरवठा तुटल्याने मृत झालेल्या ऊतींचा असतो. या गटातील ऱ्हायझोपससारख्या बुरशा रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद पाडतात.

त्यांच्या भित्तिकेत कायटिन व त्यापासून बनणारे कायटोसान भरपूर असते, तर बीटा-१,३-ग्लुकानचे प्रमाण अत्यल्प असते. या एका रासायनिक बाबीचे दोन व्यावहारिक परिणाम होतात. रक्तातील बीटा-ग्लुकान मोजून बुरशीजन्य आजाराचे निदान करण्याची चाचणी उपलब्ध आहे. पण म्युकरमायकोसिसमध्ये ती सहसा नकारात्मक येते. तसेच कॅस्पोफंजिन या गटातील औषधे बीटा-१,३-ग्लुकान तयार करणारे विकर रोखतात. म्युकरमायकोसिसवर ती एकट्याने विश्वसनीय ठरत नाहीत. म्हणूनच २०२१ मध्ये ॲम्फोटेरिसिन-बी या औषधासाठी नातेवाइकांना वणवण करावी लागली. ते औषध भित्तिकेवर नव्हे, तर तिच्या आतील पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलवर कार्य करते.

येथे शर्करा या शब्दाचा दुसरा अर्थही पुढे येतो. रक्तातील ग्लुकोज अनियंत्रित वाढले आणि रक्त आम्लधर्मी झाले की न्यूट्रोफिलची हालचाल व मारक क्षमता मंदावते. अशा स्थितीत रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर जीआरपी-७८ हे प्रथिन वाढते आणि ऱ्हायझोपस नेमके त्यालाच चिकटून आत शिरते. कोविडच्या उपचारात द्यावी लागलेली स्टेरॉइड औषधे रक्तशर्करा वाढवितात व भक्षक पेशींना मंद करतात. बुरशी तीच, बीजाणू तेच. पण त्यांना ओळखून मारणारी यंत्रणा दुबळी झाली होती.

शेतकऱ्याचा डोळा : नित्याचे संकट

म्युकरमायकोसिसची लाट आली आणि ओसरली. परंतु बुरशीमुळे दृष्टी जाण्याचा दुसरा प्रकार दरवर्षीचा आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. सोयाबीनची मळणी, तुरीची कापणी, पऱ्हाटी उपटणे, ज्वारीची काढणी या कामांत काडी, धसकट किंवा कुसळ डोळ्याला लागते. बुबुळावरील पारदर्शक पटलाला, म्हणजे पारपटलाला ओरखडा जातो. त्यातून फ्युजेरियम किंवा ॲस्परजिलस आत शिरते आणि व्रण होतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोकांना डोळ्याचा हा संसर्ग होतो व त्यात आशिया आणि आफ्रिका येथील प्रमाण सर्वाधिक आहे.

पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून तेथे मुक्कामाला असलेल्या मोजक्या महाभक्षी पेशींनी बुरशी ओळखून इतरांना बोलाविणे, यावरच सारे अवलंबून असते. उंदरांवरील २०१० च्या प्रयोगात असे दिसले की, डेक्टिन-१ नसलेल्या डोळ्यात न्यूट्रोफिल कमी येतात व बुरशी अधिक वाढते. टोल कुळातील एक ग्राही, टीएलआर-४, नसल्यास न्यूट्रोफिल येतात, परंतु बुरशीला नीट मारू शकत नाहीत. बोलाविणे आणि मारणे ही दोन कामे अशी दोन ग्राहींत वाटलेली आहेत.

या संरक्षणाची किंमतही मोजावी लागते. न्यूट्रोफिलने सोडलेली विकरे बुरशीबरोबर पारपटलातील कोलॅजेनही विरघळवितात. बरे झाल्यावर जो पांढरा डाग उरतो, त्यालाच आपल्याकडे ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणतात.

या ठिकाणी स्टेरॉइडयुक्त थेंबांचा धोका लक्षात यावा. दुकानातून सल्ल्याविना आणलेले असे थेंब टाकले की लाली व वेदना कमी होतात. रुग्णाला बरे वाटते, कारण बोलाविणेच थांबलेले असते. बुरशी मात्र आत वाढत राहते. योग्य औषधाबाबत मार्गदर्शन करणारी एक महत्त्वाची चाचणी मदुराई येथील अरविंद नेत्र रुग्णालयाच्या सहभागाने झाली व २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. नाटामायसिन हे जुने औषध व्होरिकोनाझोल या नव्या औषधापेक्षा, विशेषतः फ्युजेरियमच्या संसर्गात, अधिक गुणकारी ठरले.

निदानाची पहिली पायरीही भित्तिकेवरच आधारलेली आहे. डोळ्याच्या डॉक्टरांनी व्रणावरून खरवडून घेतलेला अंश १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवला असता मानवी ऊती विरघळतात. पण कायटिनयुक्त भित्तिकेचे कवकतंतू टिकून राहतात व साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. यासाठी लागणारे रसायन व उपकरण कोणत्याही महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत असते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. बुरशीची ओळख तिच्या भित्तिकेतील शर्करांच्या जोडणीवरून व मांडणीवरून पटते.
२. ग्राही अनेक असले, तरी त्यांपैकी अनेकांचे निरोप पोचविणारा मार्ग समान आहे. त्यातील दोष जीवघेणा ठरू शकतो.
३. निदानाची चाचणी व औषधाची निवड ही दोन्ही त्या-त्या बुरशीच्या भित्तिकेवर व पटलावर अवलंबून असतात.
४. बुरशीजन्य आजाराचे कारण केवळ बुरशीत नसते. अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडचा अविचारी वापर यांमुळे ओळख व प्रतिकार दुबळे होतात, आणि ही कारणे बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगी आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये रोगकारक बुरशांची प्राधान्ययादी प्रथमच प्रसिद्ध केली. ॲस्परजिलस फ्युमिगेटस व कँडिडा अल्बिकन्स या तिच्या सर्वांत गंभीर गटात, तर म्युकर गटातील बुरशा व फ्युजेरियम त्याखालोखालच्या गटात आहेत. आपल्या महाविद्यालयांतील बहुतेक विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतून येतात. सुगीच्या दिवसांत डोळ्याला काडी लागल्यास थेंब स्वतःच्या मनाने न टाकता दुसऱ्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे, ही एक सूचना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून गावोगाव पोचली तरी काही डोळे वाचतील. ती सूचना देताना तिचे कारणही सांगता यावे, यासाठी हे विवेचन उपयोगी पडावे, अशी अपेक्षा आहे.